मागल्या पायरीवरची आंबील

मी सुगंधा दत्ताराम सावंत, वय ७४, राहणार बांदा. आज पूर्ण शुद्धीत आहे, कोणी धाक घातलेला नाही, आणि वाडगाभर नाचणीची आंबील पोटात गेल्यामुळे हातही कापत नाही. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. राहते घर व डोंगरउतारावरची वरकस जमीन मुलगा सुदेश याला. वरकसात नाचणीच पेरावी. काजू लावल्यास जमीन सून दिव्या हिची समजावी.

२. जातं दिव्याला. नाचणीला मोड आणून, वाळवून दळणं तिलाच जमतं.

३. नणंद सावित्री हिला काही नाही. आमच्या आंबिलीला ती दळिद्री जेवण म्हणायची. आता मुंबईहून नाचणीची बिस्किटं भेट आणते.

४. मागल्या दारच्या पायरीवरचा वाडगा. हे कलम लांबणार.

यजमानांचं हायवेवर चहाचं हॉटेल होतं. दिवसभर गोड चहा नि पाव. साखरेचा आजार जडला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या चुकवू नका, आणि पाव सोडून नाचणी, कुळीथ, शेवग्याचा पाला खा. साखर सावकाश चढते. हे म्हणायचे, "माका नको गो ती आंबील. ढोरांचा खाणा ता." अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. वडे ठेवले, चहासुद्धा ठेवला. शेवटी मी रागाने आंबील ठेवली, तर तीच उष्टावली. तेव्हापासून रोज सकाळी पायरीवर त्यांचा वाडगा ठेवते. आणायला जाते तेव्हा तो धुतलेला, उपडा असतो. जिवंतपणी या माणसाने कधी स्वतःचं ताट उचललं नाही.

सुदेश आता सत्तेचाळीसचा. आजार तोच. गोळ्या विसरतो, मोबाइलवरून डबे मागवतो. म्हणतो, "आये, माझ्या प्रोटीनच्या पावडरीत सगळा आसा."

काल वाडगा भरलेलाच होता. शेजारी रिकामा पेला. सुदेशला बारशाला मिळालेला, त्याचं नाव घातलेला. तो माळ्यावर कुलपातल्या ट्रंकेत असतो नि किल्ली माझ्या गळ्यात. लेक लहान असताना त्याच्याशिवाय यांना घास जात नसे. आताही त्याच्यासाठीच थांबलेत. मी फार भ्याले.

५. पेला मी आत आणला आहे. सुदेशने रोज सकाळी तो घरात बसून आंबिलीने भरून प्यावा, गोळीही घ्यावी. अट मोडल्यास कलम १ रद्द. त्याच्या नावाचं भांडं पायरीवर कधीही जाऊ नये.

६. आज त्यांच्या वाडग्याशेजारी मी माझ्या नावाचं भांडं भरून ठेवलं आहे. जेवायला सोबतच हवी असेल, तर मी येते.

सही: सुगंधा दत्ताराम सावंत
साक्षीदार: बाबू परब, सारिका नाईक
स्थळ: बांदा. दि. १२ जानेवारी २०२५

ता. क. सह्या होईपर्यंत सुदेशने तोंड वाकडं करत पेला संपवला. मग मी पायरीवर जाऊन आले. दोन्ही भांडी धुतलेली आहेत, उपडी.