चिमणीसाठी उठवलेला माणूस

२ मार्च
उठलो एकदाचा! डॉक्टर म्हणाले, आजोबा, फार वर्षं झोपलात. म्हटलं, आमची ही म्हणायचीच, एकदा आडवे झालात की उठायचं नाव नको. कुणी हसलं नाही, मग मीच हसून घेतलं. हृदय बंद पडलं तेव्हा ठरल्याप्रमाणे मला गोठवलं होतं, मागाहून हिलाही, शेजारच्याच टाकीत. हिला कधी उठवणार, हा माझा पहिला प्रश्न. तुमची तब्येत सावरली की लगेच, असं पणतीने सांगितलं आणि मला घरी आणलं. उन्हाची खोली, मऊ गादी. मधल्या पिढ्या गेल्या, पण आता म्हणे औषधं अशी निघालीत की कुणी मरतच नाही.

११ मार्च
पणतीची मुलगी चिमणी. सहा वर्षांची, तोंडाला खळ नाही. खापरपणजोबा म्हणायला लांब पडतं, म्हणून मी तिचा नुसता पणजोबा. मी जन्मभर लोकांना गाडी शिकवली, इथे कुणी गाडी चालवतच नाही. मग ताटाचं स्टिअरिंग केलं, उशीचा ब्रेक. चिमणी ब्रेक दाबेल तर शपथ! भिंतीवर आपटते आणि खिदळते. पाय मोडला तरी संध्याकाळपर्यंत जुळतो. काल तिने शेजारच्या मुलीला गच्चीवरून ढकललं. दोघीही हसत होत्या, पणतीने तेवढं चिमणीला हाताला धरून घरात आणलं. जेवताना ती चिमणीला रोज विचारते, पणजोबा किती आवडतात? पोरगी दोन्ही हात पसरते. इतकं बरं वाटतं की मी माझ्या ताटातला घास तिला भरवतो.

२० मार्च
शेजाऱ्यांनीही एक पणजी उठवून आणली होती. ती काल वारली. इथे कुणी मरत नाही ना? पणती ठेवणीतले कपडे घालून मला घेऊन गेली. ती ढकललेली मुलगी पलंगाला बिलगून हुंदके देत होती आणि तिची आई येईल त्याला सांगत होती, आमची रडली हो! लोक तिचं अभिनंदन करत होते.

२२ मार्च
डॉक्टरांना खोदून विचारलं. लपवावं असं त्यांना वाटलंही नाही. प्रत्येक मुलाला एक मरण दाखवावं लागतं, नाहीतर दुसऱ्याला दुखतं हे त्याला कळतच नाही. परकं माणूस चालत नाही, जीव लावलेलं लागतं. मांजरं आणून पाहिली, भागलं नाही. माझं हृदय दुरुस्त करणं दुपारभराचं काम. मुद्दाम केलेलं नाही. थोडे दिवस पुरेल इतकंच चालू केलंय.

कापायच्या बोकडालाही हिरवा पाला मिळतोच. स्वतःच्या हाताने भरवलं मला, माझ्या रक्ताच्या पोरीने. केसाने गळा कापला.

२५ मार्च
चिमणीने जीव लावला नाही तर माझं मरण त्यांच्या काय कामाचं? मग दुरुस्त करतील. करावंच लागेल. तिच्यावर खेकसलो. ताट भिरकावलं. पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणालो. बघतच राहिली. मला भडभडून आलं, पण जीव कुणाला नको असतो?

२९ मार्च
चिमणी फिरकत नाही. छातीत कळ येते. पण जमलं — जमलं!

३० मार्च
पणती आली. तोच गोड आवाज. रागावली नाही म्हणे. चिमणीला पणजोबा आवडेनासे झाले, तर पणजीला उठवू. पणजी लाघवी होती ना?

आणि माझी दुरुस्ती? आता कशाला, म्हणाली.

परवा डॉक्टर टाकीकडे जाणार. ही उठेल, आधी मला शोधेल, मग त्या पोरीला मांडीवर घेईल — तिला राहवणारच नाही —

३१ मार्च
डावा हात गेला. चिमणी दिसली दारातून. हाक मारली. ये गं, पणजोबा चुकला —

आली. जवळ बसली. आज रडली पाहिजे. रडली तर हिला नाही उठवणार —

मांडीवर कागद — उजव्याने लिहितोय — बघ चिमणे, मला दुखतंय, फार दुखतंय — बघ ना —

हसते आहे. म्हणते, संध्याकाळपर्यंत जुळेल —

नाही गं, नाही जुळत, माझं नाही — चिमणे, रड ना गं —