जीप गप्प बसवली त्याची हकिकत

कुंभार पिंपळगाव,
रविवार, सकाळी

तीर्थरूप अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा, त्रिंबकचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (मान अवघडली असल्यामुळे डोकं तूर्त कागदावरच ठेवतो, बाकीचा नमस्कार भेटीत घालीन.) इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो, रात्री तेल लावतेस की बाटली नुसती उशाशी ठेवतेस, आणि दारच्या पेरूची फळं यंदाही शेजाऱ्यांनीच संपवली का, ते कळव. फोन करत नाही याचा राग मानू नको. फोनवर तुला माझं ऐकू येत नाही, आणि हल्ली मलाही तुझं ऐकू येईनासं झालं आहे. तुमच्या हसनाबादचा टॉवर बिघडला असावा. मग आपण दोघं पाच मिनिटं नुसते हॅलो हॅलो करतो आणि ख्यालीखुशाली कळल्यासारखा फोन ठेवतो. त्यापेक्षा पत्र बरं.

दिवाळीला मी तुला न्यायला जीप घेऊन आलो होतो, ते आठवत असेलच. त्याआधी आठ दिवस मी मनात घोकत होतो, की दाजींना जाऊन दीड वर्ष झालं, तिचा मुलगा शिवशंकर नोकरीपायी पुण्याला, अक्का त्या घरात एकटी. तिला आता कायमचं आपल्याकडे आणायचं. घरात सगळ्यांसमोर विषय काढला असता तर तू नेहमीसारखं 'बघू' म्हणून भांडी आवरायला उठली असतीस. चालत्या जीपमधून उठून जाता येत नाही म्हणून मी जीप निवडली. (एवढा विचार मी आयुष्यात दोनदाच केला आहे. दुसऱ्या वेळचा विचार बोअर कुठे घ्यायचा याचा होता, आणि तोही कोरडाच गेला.) जालना मागे पडलं तशी मी सुरुवात केली ती अंबड येईपर्यंत बोलत होतो. पूर्वेकडची खोली तुझी, तिथे सकाळचं ऊन येतं, देवघर जवळ आहे, हे सगळं सांगितलं. आई शेतात जायची तेव्हा तू मला कडेवर घेऊन शाळेत जायचीस आणि गुरुजी तुला दाराशीच बसवायचे, हेही बोललो. शेवटी उगाच गिअर बदलला. तू खिडकीबाहेर बघत मान हलवत होतीस. मी समजलो, पटलं. घरी आल्या आल्या गवंडी बोलावून खोलीचा गिलावा सुरू केला. आणि तू आठव्या दिवशी पिशवी भरून एस.टी.नं निघून गेलीस. गवंडी थापी हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

खरं सांगतो, मला फार लागलं. तीन महिने तुला पत्र नाही की फोन नाही, ते त्यामुळेच. संक्रांतीचा तिळगूळ तुला पोचला तो तुझ्या भावजयीनं, रेणुकानं, पाठवला होता, माझं नाव तिनं आपल्या मनानं घातलं. मग एक दिवस शिवशंकरचा फोन आला. त्याच्याकडे मी तुझी तक्रार केली, तर तो हसायलाच लागला. "मामा, आई तुमच्या जीपमधी बसली का कानातलं मशीन काढून पर्समधी ठेवती. त्या आवाजानं मशीन डोक्यात घण घातल्यावानी वाजतं म्हणती." म्हणजे जालना ते अंबड मी जे काही बोललो ते मी आणि इंजिन अशा दोघांनीच ऐकलं, आणि तुझी मान खड्ड्यांमुळे हलत होती. मला इतकं बरं वाटलं की मी तसाच उठून जीपपाशी गेलो. ठरवलं, हिला गप्प बसवायचं आणि अक्काला पुन्हा विचारायचं.

आता जीप तुला माहीत आहे. बत्तीस वर्षांची डिझेल, चारही चाकांना जोर. पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टर फसला तर अजून हिलाच बोलावतात. पण आत बसलं की पिठाच्या गिरणीत सतरंजी टाकून बसल्यासारखं वाटतं. तीर्थपुरीला बबलू मिस्त्री आहे. (दोन लेकरांचा बाप झाला तरी गाव त्याला बबलूच म्हणतं.) त्यानं बोनेट उघडलं, झाकलं, जीपखाली निजून आला आणि म्हणाला, "काका, आवाज एका जागेहून न्हाई येत. बोनेटातून येतो, पायाखालून येतो, दरवाज्यातून येतो. बराबर एकेक जागा बंद करावी लागंल. टाइम लागतो." मला टाइम कुठला. मी घरी आलो आणि रेणुकाच्या गोधड्यांपैकी एक जाड बघून बोनेटच्या आतून तारेनं बांधली. आवाज खरंच कमी झाला. मात्र तीन-चार किलोमीटरवर असा वास सुटला की मागचा मोटारसायकलवाला पुढे येऊन हातवारे करायला लागला. गोधडी निम्मी वाचली. ती नेमकी रेणुकाच्या आईनं शिवलेली निघाली, तेव्हा पुढचे चार दिवस घरातही भरपूर शांतता होती.

मग मी पायाखालचा आवाज हातात घेतला. स्लॅब गळू नये म्हणून डांबराची चादर अंथरतात ना, तिचा उरलेला तुकडा गोठ्यात पडून होता. तो मापानं कापून जीपच्या तळाला अंथरला आणि बाजाराच्या दिवशी तीर्थपुरीला गेलो. ऊन रणरणत होतं. उतरायला गेलो तर पाय बाहेर आले आणि चपला आतच राहिल्या. ओढून पाहिल्या, उचकटून पाहिल्या, पट्टा माझ्या हातात आला. शेवटी अनवाणी बाजार केला. दोन ओळखीच्या बायांनी नवस कसला म्हणून विचारलं. मी बहिणीसाठी म्हणून सांगितलं. त्यांनी हात जोडले. पूर्ण खोटं नव्हतंच ते.

एवढं झाल्यावर निमूटपणे जीप बबलूच्या ताब्यात दिली. त्यानं दहा दिवस घेतले, पण काम मन लावून केलं. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती बदलली, कारण जुनी दगडासारखी झाली होती. पायाशी जिथून क्लच-ब्रेकच्या दांड्या आत येतात तिथली भोकं बुजवली. (त्यातल्या एका भोकातून मी बत्तीस वर्षं रस्ता बघत होतो, आता चुकल्याचुकल्यासारखं होतं.) दरवाज्यांना नवं रबर, छताला आणि बोनेटला फोम, तळाला गाड्यांसाठीच मिळते ती चादर. सगळं झाल्यावर म्हणाला, डाव्या दरवाज्यात काहीतरी खुळखुळतं आहे. मला काही ऐकू आलं नाही, पण मिस्त्री लोकांचे कान तयार असतात. दरवाजा खोलला तर आतून दाजींची चुन्याची डबी निघाली.

अक्का, तीच ती पितळेची, झाकणावर त्यांनी खिळ्यानं 'सा' कोरलेली. साहेबराव दाजी त्या डबीसाठी माझ्याशी दोन वर्षं धड बोलले नव्हते. मीच लाटली असं त्यांचं पक्कं मत होतं, आणि पुढे लग्नाकार्यात ते माझ्यासमोर बसून दुसऱ्याचा चुना मागून घ्यायचे. काचेच्या फटीतून ती आत पडली असणार. माझ्या शेजारी डाव्या दरवाज्यात ती इतकी वर्षं वाजत होती आणि इंजिनापुढे कुणालाच कळलं नाही. मी तिथेच टायरवर बसलो आणि थोडा रडलो. बबलूनं चहा मागवला. डबीत चुन्याचा खडा अजून आहे, तो मी काढलेला नाही. डबी तुझी आहे.

तर जीप आता इतकी शांत झाली आहे की इंजिन चालू आहे की बंद हे बघायला मला हात लावावा लागतो. मला वाटलं, आता कारभारी धनगराची मेंढरं रस्त्यातून उठणार नाहीत. पण तो फर्लांगभर आधीच कळप बाजूला घेतो. नजर तेज आहे त्याची. रेणुका पूर्वी पुलावर जीपचा आवाज आला की तव्यावर भाकरी टाकायची, आता कशी टाकणार ही काळजी होती. तर परवाही गरम भाकरी ताटात. इतक्या वर्षांच्या संसारात बाईला नवऱ्याची चाहूल आपोआप लागते, हे मला या वयात कळलं आणि फार बरं वाटलं. तिला एक चक्कर मारून आणली तेव्हा ती सवयीनं पदर कानाशी धरून बसली आणि सवयीनं ओरडूनच बोलली. मी सांगितलं, अगं, आता हळू बोललीस तरी चालेल. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. एखादी गोष्ट मनापासून आवडली की बायका बोलत नाहीत.

तेव्हा येत्या रविवारी मी जीप घेऊन येतो. मशीन कानातच ठेव. जालन्यापासून पुढे मी बोलणार आहे. खोली तयार आहे, गिलावा वाळला आहे. तू कायमची ये. दाजींचा फोटो कुठे लावायचा ती खुंटीही मी ठोकून ठेवली आहे. हो म्हणायचं की नाही ते तुझं तू ठरव, पण या वेळी ऐकून ठरव.

रेणुकाचा नमस्कार, नातीचा गोड पापा, आणि माझा वर लिहिलेला आहेच, तो पुन्हा मोजू नये.

तुझा,
त्रिंबक

ता. क. : रेणुकानं पत्र वाचलं. म्हणाली, "आवं, सगळं तर हितं लिहून बसले, मंग जीपमधी काय बोलणार? हे कागदावर लिव्हायला गोधडी कशाला जाळली?"

दुसरा ता. क. (गुरुवार) : पत्र टपालात टाकायचं राहिलं, कारण रेणुकानं लोणच्याची बरणी आणायची म्हणून मला जालन्याला नेलं आणि बरणीच्या दुकानाऐवजी कानाच्या दवाखान्यात बसवलं. तिथे काचेची एक लहानशी केबिन आहे, आतून बबलूनं लावला तसाच फोम. फोम कुठून आणला ते मी विचारून घेतलं. मग कानावर डबडी चढवून तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टीं असा आवाज आला की बटण दाबा. मी पाच-सहा वेळा दाबलं आणि पुढच्या आवाजाची वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं त्यांनी दार उघडून सांगितलं, झाली तपासणी. येताना बबलूकडे थांबलो. तो मान खाली घालून म्हणाला, "काका, निम्मा आवाज म्या कमी केला, निम्मा तुमच्या कानानं केला. तुम्ही एवढे खुश होऊन राह्यले, मंग म्या काय बोलू?" तेव्हा वर जीपबद्दल जे लिहिलं आहे ते निम्म्यानं वाच. रेणुकाच्या चाहुलीबद्दलचं तर खोडूनच टाक. तिला अजून पुलावरची जीपच ऐकू येते. आणि तुमच्या टॉवरचीही माफी मागतो.

शेवटचा ता. क. : दिवाळीत मी वाटभर बोललो त्यात 'तू एकटी आहेस' हे चार-पाचदा आलं होतं. तू ते ऐकलं नाहीस हे बरंच झालं. खरी गोष्ट अशी की रेणुका स्वयंपाकघरातून काही म्हणाली की मी 'हो' म्हणतो, आणि काय म्हणाली ते मला माहीत नसतं. नात कानात येऊन गुपित सांगते. मी हसतो. तिला वाटतं आजोबांना कळलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मशीनची मला लाज वाटते आणि भीतीही वाटते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिले काही दिवस जड जातात, घरात कुणी मशीन वापरणारं असेल तर माणूस लवकर शिकतो. मी म्हणालो, थोरली बहीण आहे. त्यांनी विचारलं, तुमच्या घरातच असतात का? मी हो म्हणालो. मशीन पुढच्या बुधवारी मिळणार आहे. रविवारी नाही जमलं तरी मंगळवारपर्यंत ये.