सरांच्या कानात सांगितलेले सिनेमे

१८ जानेवारी
उद्यापासून फिल्म क्लबचा महोत्सव. कुठल्या कुठल्या देशांचे सिनेमे, सगळे थोडक्या पैशांत केलेले, आपल्या चंद्रपूरच्या टॉकीजला कधी न येणारे. क्लब सरांनी काढला. (नवरा माझा, पण गाव सर म्हणते म्हणून मीही.) मागच्या पावसाळ्यात शुगरने दोन्ही डोळे गेले, तरी पहिल्या रांगेतली खुर्ची सोडायची नाही. मी बाजूला. पडद्यावरच्या इंग्रजी ओळी वाचून मराठीत कानात सांगायचं. एवढी वर्षं पुण्या-गोव्याच्या महोत्सवांना सर एकटेच. मी येते म्हटलं की, "तुले काय समजते त्यातलं?"

१९ जाने.
जॉर्जियाचा. मधमाश्या पाळणारी म्हातारी आणि तिची मुलगी. ओळी भराभर पळाल्या, शेवट चुकला. मुलगी घरीच राहते. मी सांगितलं, गेली निघून. नंतर चर्चेत सर माइकवर : "तिचं जाणं अपरिहार्य होतं." सगळे एकमेकांकडे पाहू लागले. सरांसमोर कोण बोलणार?
ऑटोत हसू आवरेना. लाजही वाटली. थोडी.

२० जाने.
चिलीचा. नवरा कितीक वर्षांनी परततो, बायको दार उघडते, जेवायला वाढते. मी मुद्दाम सांगितलं, नाही उघडलं.
"मंग?"
"उभा आहे पावसात."
"अजून?"
"अजून."
सर खुर्चीत पुढे सरकले. मला बरं वाटलं.
चर्चेत त्या बंद दारावर खूप बोलले. मागच्या पोरी तोंड दाबून हसत. एकीने मोबाइलवर शूटिंग केलं.
प्रोजेक्टर चालवणारे तनवीरभाऊ (जटपुरा गेटजवळ टीव्ही दुरुस्तीचं दुकान) बाजूला घेऊन म्हणाले, "भाभी, ऐसा मत करो. सरांचा तमाशा होऊन राह्यला."
"होऊ द्या."
इतकं सहज आलं तोंडून.

२१ जाने.
सेनेगलचा. मासेमार बाप समुद्रात बुडतो. मी जिवंत ठेवला. सर त्याच्या जिद्दीवर बोलले. आज लोक उघड हसले. सर थांबले, हसणं कुठून येते ते मान वळवून शोधत राहिले.
घरी आलो तर भाच्याचा मूल गावाहून फोन. व्हिडिओ त्याच्यापर्यंत गेला. त्याने सगळं सांगितलं असणार. सर ऐकत होते. फोन ठेवला. "भाजीत मीठ नाई," एवढंच.

२२ जाने.
सिनेमाआधी सरांनी माइक मागितला. माइकवर त्यांची मराठी एकदम शुद्ध. "मित्रहो, क्षमा असावी. माझे डोळे आता आमच्या सौ.चे, आणि त्यांचं इंग्रजी बेताचंच." हॉल मोकळेपणाने हसला. मग ब्रोशर माझ्या हातात. "वाचा बरं, आजच्या सिनेमाबद्दल."
हंगेरीचा. दिग्दर्शकाचं नाव जिभेवर येईना. अडले.
"पुन्हा."
अडले.
"पुन्हा."
या वेळी कोणी हसलं नाही. तनवीरभाऊंनी मधेच दिवे घालवून सिनेमा सुरू केला.
ऑटोत सर म्हणाले, "बराबर झालं ना?"
"बराबर."

२३ जाने.
शेवटचा. मूल रोडवर वाघ निघाला म्हणून तिकडचे लोक आधीच उठून गेले. बोलिव्हियाचा सिनेमा. दोघी बहिणी आईचं प्रेत घेऊन मिठाच्या पांढऱ्या मैदानातून गावाकडे. बोलणं जवळजवळ नाहीच.
मीही बोलले नाही.
"सुरू झाला काय?" "मालती?" मग कोपराने ढोसलं. मग मनगट धरलं, घट्ट. पडद्यावर आवाज नाही, वारा फक्त. मधेच सगळ्या हॉलचा श्वास अडकला.
"काय झालं? सांग ना वं."
मी पाहत राहिले. त्यांनी माझा चेहरा चाचपला, बोटांना ओलं लागलं. "तू रडून राह्यली?" मग हात काढून घेतला.
चर्चेला सर उठले नाहीत.

२४ जाने.
सकाळी सरांनी मला तनवीरभाऊंना फोन लावायला लावला. शेवट विचारला. ते म्हणाले, "भाभींना विचारा, सर."
अंगणात उन्हात बसलेत. चहा तसाच निवला. माझी चाहूल लागली की चेहरा तिकडे वळतो.
"धाकटी पोचते काय वं गावाले?"
दोघी बहिणी निघतात, एवढं महोत्सवाआधी वाचून घेतलेल्या ब्रोशरमधून त्यांना माहीत. पोचत नाही धाकटी. खरं सांगितलं तरी ते मानणार नाहीत आता, खोटंही नाही. तरी विचारून राह्यले. आत्ता पुन्हा.
मी तांदूळ निवडायला घेतले.