फॉल न लावलेली साडी

बाबा,

तुमचा फोन अजून माझ्याकडे आहे. कपाटात, माझ्या कोर्टाच्या काळ्या कोटाखाली, बंद करून ठेवलेला. सिम मात्र मी मरू दिलं नाही. मधूनमधून फोन चार्ज करते, चालू करते, रिचार्ज मारते आणि पुन्हा बंद करून ठेवते. दादा हसतो. "गेलेल्या माणसाच्या फोनले चारा घालून राहिली का वं तू?" म्हणतो. तो नंबर उद्या दुसऱ्या कुणाला मिळाला आणि त्या माणसाने तुमच्या नंबरावरून 'हॅलो' म्हटलं, तर ते मला सहन होणार नाही, एवढंच कारण होतं. त्या बंद फोनमुळे दुसऱ्या कुणाच्या घरात तुम्ही इतकी वर्षं जिवंत असाल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

माझी पहिली शाळा तुमच्या दुकानातली पांढरी गादी. इतवारीतल्या त्या साड्यांच्या दुकानात तुम्ही नोकर होतात, पण गिऱ्हाईक मालकाला सोडून तुम्हालाच शोधत यायचं. साड्यांच्या खोक्यांवरची नावं वाचून मी अक्षरं शिकले. आई गेल्यावर शाळा सुटली की मी दुकानातच येऊन बसायची आणि तुम्ही मला घडी शिकवत होतात. दुकानाची घडी घरच्या घडीसारखी नसते. पदर वर यायला हवा, दोन्ही काठ दिसायला हवेत, आणि शेवटचं टोक असं आत खोचायचं की ढिगातून ओढली तरी साडी उकलू नये. घरी तुम्ही शर्टाचीसुद्धा तशीच घडी करायचात, कॉलर आत, बटणांची रांग वर. दादाला ती कधीच जमली नाही. मला जमली, आणि मी समजत होते की जगात ती तुमच्यानंतर मलाच येते.

एक दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. एक गृहस्थ बायकोला घेऊन आलेले आहेत. तुम्ही साड्या उलगडताय, बायको नाक मुरडतेय. माझी स्मरणशक्ती चांगली असल्याचा मला फार गर्व. मी मोठ्यांदा म्हणते, "काका, त्या दिवशीची हिरवी दाखवायची का? तुमच्यासोबतच्या त्या काकूंना आवडली होती ती." तुम्ही हातातली साडी खाली न ठेवता हसता. "ते दुसरे गिऱ्हाईक होते जी. हिले चेहरे ध्यानात राहत नाही, पेपरातही असेच गोंधळ घालते." बायको हसली. साडी विकली गेली. ते गेल्यावर मी रडायला लागले, कारण माझी आठवण बरोबर होती आणि तुम्ही चारचौघांत मला खोटं पाडलं होतं. तुम्ही मला मागच्या खोलीत नेलंत. आवाज चढवला नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली.

"कोण कोणासोबत आलं, ते दुकानातच राहते. समजलं?"

"पण मी खरं बोलले."

"खरंच बोलली. पण त्या बाईनं घरी जाऊन त्याचं काय करावं, हे तुले माहीत आहे का? नाही ना? मंग जे उलगडलं ते घडी करून ठेवाचं." आणि मग, माझं नाक पुसत, "तू खोटं नको बोलू कधी. ते काम माह्यावर सोड."

मी ते शब्दशः पाळलं, बाबा. इतकं की कॉलेजात मैत्रिणी माझ्यासमोर बहाणे करायच्या नाहीत. मी कुठे पचकेन, याचा नेम नव्हता.

वकिलीला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही मला साडी आणलीत, राखाडी, बारीक जांभळ्या काठाची. मी लगेच नेसायला निघाले तर म्हणालात, "थांब वं, फॉल तर लावू दे. माही एक बाई आहे, हात फार साफ आहे तिचा." ती साडी फॉलशिवाय तशीच राहिली. त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

त्या दिवशी दुकान बंद होतं. तुम्ही दुपारी भाजी आणायला म्हणून निघालात. हॉस्पिटलच्या नर्सने तुमच्या फोनवरून दादाला कळवलं. आम्ही पोचलो तेव्हा तुम्ही आत होतात, आणि काउंटरवर तुमचा पांढरा शर्ट ठेवलेला होता, वर चष्मा. कागदावर लिहिलं होतं, रस्त्यात पडलेले आढळले, ऊन लागलं असावं. नर्स म्हणाली, एका बाईने ऑटोतून आणलं, तोंडाला दुपट्टा बांधलेली होती, कशी दिसते ते काय सांगू. मे महिन्यात नागपुरात कोणती बाई दुपट्टा बांधत नाही? दादा तिला शोधायला बाहेर पळाला. मी शर्टाकडे बघत होते. रस्त्यात पडलेल्या माणसाच्या शर्टाला धुळीचा कण नव्हता. आणि घडी दुकानाची होती. कॉलर आत, बटणांची रांग वर, टोक खोचलेलं.

संध्याकाळी तुम्ही गेलात. डॉक्टर मला एकटीला म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर," आणि ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. दादाला मी ते कधीच सांगितलं नाही. त्याच्या डोक्यात तेव्हापासून एकच आहे, त्या बाईने बाबांना लुटलं आणि टाकून पळाली. तुमची स्कूटर सीताबर्डीत उभी सापडली, हॉस्पिटल भलत्या टोकाला, हे कोडं त्याला अजून सुटत नाही. "सापडू दे एकदा, कंप्लेंट टाकतो का नाही पाह्य." नर्सने लावलेल्या कॉलच्या आधीचा, फोनमधला त्या दिवशीचा तुमचा शेवटचा कॉल त्यानेही पाहिला होता. 'फॉल-पिको'. साडीच्या दुकानातल्या माणसाच्या फोनमध्ये ते नाव असणारच, म्हणून त्याने सोडून दिलं. मला सोडता आलं नाही. दुकान बंद असताना फॉल-पिकोचं काय काम?

तरी मी इतकी वर्षं तो नंबर लावला नाही. मग या वर्षी आमच्या चेंबरमध्ये एक अशील आले. वय तुमच्याएवढं, म्हणजे तुम्ही गेलात तेव्हाएवढं. डोक्यावरचं हेल्मेट काढायला तयार नाहीत. मॅडम, माझ्या सीनियर, म्हणाल्या, "काका, इथे वरून काही पडत नाही, काढा ते." त्यांनी नुसती काच वर केली आणि आतून बोलू लागले. बायको वारली. एका बाईकडे जातात, पैसे देऊन. ती एकटी राहते, मध्ये कुणी दलाल नाही. आता सोसायटीच्या वॉचमनने त्यांच्या गाडीचा फोटो काढला होता.

"मॅडम, पेपरात नाव येते का? माही पोरगी पुण्याले आहे."

मॅडमनी शांतपणे सांगितलं. बाई सज्ञान, एकटी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या मर्जीने, एवढ्यावर कायदा कुणाला धरत नाही. पण घराजवळ शाळा असेल, देऊळ असेल, दवाखाना असेल, तर तिलाही धरतो आणि तुम्हालाही. सोबतीला म्हणून अशा दोघी एका घरात राहिल्या की त्या घराला अड्डा म्हणता येतं. "आणि काका, कायद्याच्या आधी पोलीस येतात, पोलिसांच्या आधी शेजारी." मी टिपण घेत होते. पेन थांबलं. सीताबर्डीत उभी केलेली तुमची स्कूटर मला तेव्हा दिसली. तिथून तुम्ही ऑटो करत असाल. भाजीची रिकामी पिशवी हातात घेऊन.

घरी येऊन मी तुमचा फोन चालू केला आणि तो नंबर लावला. का, ते मला पक्कं माहीत होतं. डॉक्टरांचं अर्धं वाक्य तिच्यासमोर ठेवून मला विचारायचं होतं, उशीर का केला.

पहिल्याच रिंगला तिकडून आवाज आला, "शेट?"

"शेट, बोला ना जी. बरे आहा ना?" मागे कुकरची शिट्टी झाली. शेवटी मी म्हटलं, "मी त्यांची मुलगी. साडीला फॉल लावायचा होता." तिकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग, "उद्या दुपारी आणा. खाली वॉचमनले फॉल-पिकोच सांगजा."

बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. रस्त्यापलीकडे शाळा. कायद्यात अंतर दिलेलं आहे. मी ते मोजलं नाही, नजरेनेसुद्धा. दार उघडलं ती बाई पन्नाशीची, गळ्यात टेप, नाकावर चष्मा. खिडकीपाशी खरोखरच शिलाई मशीन. "आत या जी, दारात नको. उन्हाच्या काहून आल्या?" पाणी दिलं. माझ्याकडे बघत राहिली. "शेटचं नाक आहे," म्हणाली. "नोकर माणूस, पण मी त्यांले शेट म्हणो. असे चिडत! अजून चिडतात का, शेट म्हटलं की?"

चिडतात का. मी ग्लास हातातच धरून ठेवला.

तिने आपणहून सांगितलं. त्या दुपारी तुम्ही तिच्याकडे पंख्याखाली बसला होतात, घाम फुटला. ती ॲम्ब्युलन्सला फोन करणार तर तुम्ही तिचा हात धरलात. "म्हणे, इथं नको. समोर शाळा आहे, गाडी आली का सारे जमतीन, तुह्यं घर बंद करतीन. आन् माह्या पोरीनं आत्ताच वकिलीत नाव टाकलं. पहिले खाली जाऊ." शर्टाची बटणं तुम्ही स्वतः नीट लावलीत. कठडा धरून, पायऱ्यांवर बसत बसत उतरलात. "कोणी दुसरी असती तर दोघींनी उचलून नेलं असतं. होती माही मैत्रीण. पण दोघी राहिलो का अड्डा म्हणतात ना जी, मीच तिले जा म्हटलं होतं. हॉस्पिटलात नर्सनं शर्ट हातात देला. काय करावं समजे नाही. घडी केली. मंग ती तुमच्या भावाले फोन लावून राहिली, तशी मी निघाली."

मला सगळी कलमं येतात, बाबा, आणि तुमची भीती बरोबर होती की चूक, हे मला अजून ठरवता येत नाही. आजारी माणसासाठी गाडी बोलावणं हा कुठेच गुन्हा नाही. पण ती गाडी त्या दारात उभी राहिल्यावर पुढे काय झालं असतं, ते कलमात लिहिलेलं नसतं. तुम्ही एका बाईचं घर आणि एका मुलीचं नाव घडी करून ठेवलंत, आणि ती घडी करायला तीन जिने लागले.

"मी फोन नाही केला कधी," ती म्हणाली. "शेट घरी गेले का मागून फोन कराचा नाही, हे आमचं ठरलेलं. बस, कधीमधी लावून पाहो. स्विच ऑफ सांगे. 'हा नंबर अस्तित्वात नाही' असं नाही सांगे कधी. म्हटलं, आहेत. पोरांनी बंद करून ठेवला असन, पण आहेत." मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "उशीर तर नाही झाला ना जी? मी तेच धरून बसली इतके वर्ष."

हेच विचारायला मी आले होते. माझाच प्रश्न तिच्या तोंडून आला, आणि उत्तर माझ्याकडे होतं, डॉक्टरांचं अर्धं वाक्य. मी म्हटलं, "नाही. वेळेत आणलंत तुम्ही. आता ते फारसे बाहेर पडत नाहीत, इतकंच."

आवाज माझाच होता. तुमच्यावर सोडलेलं काम मी केलं.

तिने पिशवीतून साडी काढली आणि थबकली. "ही तर शेटनं मले दाखवली होती. पोरगी वकील होऊन राहिली, आता नेसन म्हणे." काठावरून बोट फिरवत खालपर्यंत गेली. "अजून फॉल नाही लावला?" इतक्या वर्षांत एका साडीला फॉल न लावणारे शेट तिच्या ओळखीचे नव्हते, हे मलाही कळत होतं. ती चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिली. तिला कळलं, असं मला वाटतं. पण तिने विचारलं नाही. मांडीवर साडीची घडी केली, पदर वर, दोन्ही काठ दिसतील असे, टोक आत खोचून, आणि मशीनवर ठेवली.

"ठीक आहे जी. आठ दिवसांनी या." मी दारापाशी आले तेव्हा मागून म्हणाली, "त्यांले सांगजा, पदराची घडी जमते म्हणा मले आता. पहिले किती बोलत."

जिना मी कठडा धरून उतरले. खाली दादाचा फोन, "कुठं आहे वं?" मी म्हटलं, फॉल-पिकोला साडी दिली. त्यात खोटं काहीच नव्हतं. तुमच्या नंबराला आज सकाळी पुन्हा रिचार्ज मारला.

बाबा, तिला पदराची घडी जमते आता. मी डोळ्यांनी पाहिली, तुमच्यासारखीच. हा कागद कुठे जाणार नाही हे मला माहीत आहे. पण आठ दिवसांनी साडी घ्यायला गेले की ती विचारेल, सांगितलं का त्यांले. तेव्हा निदान एवढ्याला तरी मला खरं 'हो' म्हणता यावं, म्हणून हे लिहिलं.