रंगाच्या टाकीची घंटी

सोमवार, १३ जानेवारी १९९७

प्रोग्रॅम कंपाइलच होत नाहीये! चालणं तर लांबच.

उधन्याच्या डाइंग मिलचं हे काम आमच्या साहेबांनी, कमलेशभाईंनी, माझ्या एकटीवर सोपवलंय. ऑफिसात लागल्यापासून पहिल्यांदाच. रंगाची टाकी ठरल्यापेक्षा जास्त तापली की शेजारच्या कॉम्प्युटरने घंटी वाजवायची — एवढंच. मागे तिथे झाकण उडून एक कारागीर भाजला, म्हणून मिलवाल्यांना घाई आहे. शनिवारी बसवायचंय. नाही जमलं तर हेमराज बघेल, असंही कमलेशभाई जाता जाता बोलले. हेमराज माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. मुलगा वाईट नाही. पण काम माझं आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

उत्तरायण, पतंगांचा दिवस. आमचं अख्खं नवागाम गच्चीवर. मी फिरकी धरून उभी, आणि डोक्यात तीच एरर. दोनदा मांजा सोडायचा विसरले. वाल्मिक चिडला — ताई, तू खालीच जा.

घंटीचं फंक्शन, म्हणजे ती वाजवणारा प्रोग्रॅमचा तुकडा, माझ्या 'टाकी' क्लासमधलं, टाकीचं सगळं जिथे एकत्र लिहिलंय तिथलं. किती सेकंद वाजायचं ते त्याला सांगायचं. नाही सांगितलं तर दहा, असं मीच ठरवून दिलंय. मी स्वतः नाव घेऊन बोलावते तेव्हा आकडा न देताही छान चालतं. पण तापमान बघणाऱ्या भागाकडे तेच सोपवलं — तापलं की याला बोलाव — की कंपाइलर, माझं लिहिलेलं मशीनच्या भाषेत नेणारा, अडतो. म्हणे, इथे काहीच न घेणारं फंक्शन पाहिजे, तुझं तर आकडा घेतं. अरे बाबा, पण नाही दिला तरी चालतो ना तो!

बुधवार

हेमराज म्हणाला, कंपाइलरमध्येच खोट असेल. मलाही अगदी हेच म्हणायचं होतं, म्हणूनच खरं वाटेना.

गुरुवार, १६ जानेवारी

सापडलं!!

आईचा पाय मुरगळलाय, म्हणून सकाळी वाण्याकडे मी गेले. आई नुसती 'साखर द्या' म्हणते आणि तो किलोभर बांधतो. मीही तेच म्हणाले. पण आज गल्ल्यावर त्याचा नवा भागीदार होता. त्याने गुजरातीत विचारलं, "केटली?" म्हणजे किती.

मी तिथेच हसत सुटले. घरी आल्यावरही थांबेना. आई म्हणाली, "काय हासी राहिनी? येडी व्हयनी का?"

मी नाव घेऊन बोलावते तेव्हा कंपाइलरला माझा ठराव माहीत असतो, दहा तो गुपचूप भरतो. पण त्या दुसऱ्या भागाच्या हातात फक्त फंक्शनचा पत्ता जातो. ठराव पत्त्याबरोबर जात नाही! त्याला दिसतं ते एवढंच — हे आकडा घेतं.

मग काय. क्लासमध्ये आणखी एक चिमुकलं फंक्शन लिहिलं, काहीच न घेणारं. ते आतून घंटीला बोलावतं, आणि दहा तिथे भरले जातात. पत्ता याचा दिला. एकही एरर नाही! हेमराजने सगळ्यांसाठी खमण मागवलं. म्हणाला, आता माझ्या एरर पण बघ.

शनिवार, १८ जानेवारी

बसवलं. टाकीवर लोटूकाका असतात, आमच्या अमळनेरकडचे. चाचणीसाठी मर्यादा खाली आणली आणि घंटी अशी कडाडली की काकांच्या हातातला चहा सांडला. कमलेशभाई नुसते हसले. हेमराजचं नाव कुणी काढलं नाही. परतताना रिक्षात मी उगाच गुणगुणत होते.

गुरुवार, ३० जानेवारी

सकाळी मिलमध्ये घंटी खरंच वाजली. वाफेचा कॉक उघडाच अडकला होता, बंद होईना. लोटूकाकांनी सगळ्यांना बाहेर पिटाळलं, स्वतः शेवटी निघाले, आणि मागे झाकण उडालं. कुणाला ओरखडा नाही.

लोटूकाकांच्या पत्नी पुष्पाबाई आत्ता आमच्या दारात उभ्या आहेत. आईला विचारतायत — ती घंटीवाली पोर कुठे आहे? वही मिटते आणि दारात जाते.