पहिली की दुसरी

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. कारण रविवारी तुम्हाला स्टेजवर उभं करायचं आहे, आणि तुम्ही कोणालाच आवडत नाही!

बेलवलीच्या आपल्या मंडळासाठी मी एकांकिका लिहिली आहे. बोर्ड रंगवणारा एक पेंटर. तो मुलाला नववीनंतर शाळेतून काढतो आणि उल्हासनगरच्या बाजारात शिडी धरायला उभा करतो. नाव बदललं आहे, पण आईने दुसऱ्याच वाक्याला ओळखलं.

काल तालमीनंतर विनूदादा, म्हणजे जो ती बसवतो आहे, म्हणाला, "दिन्या, हा बाप डोक्यात जातो यार. पोराची वाट लावतो आणि वर चारचौघांत बोलतो, याचं डोकं चालत नाही. पब्लिक चपला फेकेल. एक काम कर, त्याला कुत्र्याला बिस्कीट घालताना दाखव. पब्लिक खूश."

मी तसं लिहिलं. अण्णा, मी खरंच लिहिलं! आज आई डबा घेऊन तालमीला आली, थोडा वेळ बघत बसली आणि म्हणाली, "हा कोण रे? तुझे अण्णा कुत्रं दिसलं की दगड शोधायचे." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

मग तुम्ही रडत माझी माफी मागता असा प्रसंग लिहिला. शुद्धलेखन तीनदा तपासलं. एकही चूक नव्हती आणि एकही शब्द खरा नव्हता. तो फाडला.

असं का सांगायचात हो लोकांना? पोराचं डोकं चालत नाही म्हणून? तुम्ही चौथीपर्यंत शिकलेले. अक्षर बघायला माणसं थांबायची, पण वेलांट्या चुकायच्या. शिडीखाली शुद्धलेखन येणारा माणूस तुम्हाला हवा होता. ते सांगायची लाज वाटली, म्हणून माझं डोकं बंद पाडलंत!

आपली खूण आठवते? अडलात की तुम्ही वरून खोकायचात. पहिली वेलांटी असेल तर मी एक बोट दाखवायचो, दुसरी असेल तर दोन. कपड्यांच्या दुकानातले सिंधी शेठ म्हणायचे, "पेंटर साईं, इतनी खांसी? दवा लो ना!" हा प्रसंग मी एकांकिकेत घातला आहे. विनूदादा पोट धरून हसला. मग म्हणाला, "मजा आली, पण या माणसावर जीव नाही बसत अजून."

आता मी अंबरनाथला फ्लेक्सच्या दुकानात मजकूर टाइप करतो. तिथे कोणी खोकत नाही.

जीव बसेल असा प्रसंग माझ्याकडे आहे, अण्णा. मी तो लपवला आहे.

माझ्याच शाळेच्या भिंतीवर 'वर्धापन दिन' लिहायचं होतं. मधली सुट्टी झाली. माझ्या वर्गातली पोरं, आता दहावीतली, बाहेर आली. एकाने विचारलं, "काय दिन्या, चालायला लागलं का डोकं?" तेवढ्यात 'दिन'पाशी वरून तुम्ही सवयीने खोकलात. मी दोन बोटं दाखवली. मुद्दाम.

दोन बोटं पाहून तुमचा ब्रश थांबला होता. मी पहिलीत असताना तुम्ही माझ्या दप्तरावर 'दीनेश' रंगवलंत, मी रडलो, तेव्हा तुम्ही पुसून पुन्हा लिहिलंत. 'दि' पहिली, एवढं एक तुम्हाला पाठ होतं. तरी तुम्ही माझ्या बोटांचं ऐकलंत! का ऐकलंत?

मुख्याध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, "पेंटर, दीन म्हणजे लाचार. आमच्या शाळेला लाचार करून टाकलंत!" पोरं खिदळली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "चूक माझी, सर. पोरगा बरोबर सांगत होता. त्याचं कधी चुकत नाही."

घरी आल्यावरही तुम्ही रागावला नाहीत. एक थोबाडीत तरी द्यायची होतीत, अण्णा! मी सुटलो असतो.

आईला हे माहीत नाही. त्या पोरांपैकी दोघं आता मंडळात खुर्च्या लावतात. हा प्रसंग दाखवला तर तुम्ही सगळ्यांना आवडाल आणि मी नाही आवडणार. म्हणून तर तुमच्या हातात बिस्कीट दिलं मी. इतकी वर्षं तुम्हाला खोटारडे म्हणत आलो, आणि लिहायला बसल्यावर मीही तेच केलं.

मुलाचं काम मी दुसऱ्याला दिलं होतं. विनूदादाला आत्ताच फोन करून सांगितलं, ते मी करतो, आणि शाळेच्या भिंतीचा प्रसंगही घालतो. रविवारी शिडीखाली मीच असेन. तुम्ही खोकलात की दोन बोटं वर करीन, पहिल्या रांगेतल्या आईला नीट दिसतील अशी. आणि 'चूक माझी, सर' हे तुमचं वाक्य पूर्ण होईपर्यंत ती खाली घेणार नाही.

तुमचा,
दिनेश