चार पेट्या माती आणि भाऊमंडळी

चांद्र सातवा महिना, १
आजपासून महिनाभर पाताळातली भाऊमंडळी मोकळी. लोक भुतांना भूत म्हणायला घाबरतात, म्हणून भाऊमंडळी. मी इथे तैवानमध्ये, ताइनानच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. मला भीती नाही. केवळ सवयीने भाऊमंडळी लिहितो.
संकल्प: बाल्कनीत कांद्याची पात. फळबाजारातून थर्मोकोलच्या चार पेट्या फुकट. तळाला पेटत्या उदबत्तीने भोकं पाडली. निचरा हवा, म्हणून जरा जास्तच.

३
निचरा अत्युत्तम. माती पण गेली. कुठे गेली ते पाहिलं नाही.

४
पाहिलं. खालच्या मजल्यावरच्या त्सेंग मावशींच्या चादरीवर. "कोण रे तो चिखल्या?" म्हणून गल्ली डोक्यावर घेतली होती. मी आत. खोकला झालाय. भोकांवर जाळी बसवली. प्रश्न मिटला.

१५
भयंकर. मावशींनी गल्लीत भाऊमंडळींसाठी टेबल मांडलेलं. अख्खी कोंबडी, बिस्किटं, तांदळाची दारू, हात धुवायला पाणी, नवा टॉवेल. मी नेमकं तेव्हाच पाणी घातलं. जाळी सुटली. कोंबडी काळी.
मावशी म्हणाल्या, "पाहुण्यांच्या अन्नात माती कालवणाऱ्याचं भलं होवो!" सूर शुभ नव्हता. आणि उपाशी पाहुणे आता जाणार कुणाकडे? सगळे दिवे चालू ठेवून झोपतोय. डास कमी होतात.

१६
सगळी भोकं सिमेंटने बंद. माती जागची हलणार नाही. न्हाणीघराचं दार आपोआप लागलं. वारा.

२२
पाणी तुंबलं. पात कुजली. वास येतो, तो पातीचाच. गल्लीत मागून कुणीतरी हाक मारली. या महिन्यात हाकेला वळू नये म्हणतात. मी मान अवघडली म्हणून वळलो नाही. घरापर्यंत धावलो, तो व्यायाम.

शेवटचा दिवस
आज भाऊमंडळी परत जाणार. त्याआधी माफी मागितलेली बरी, केवळ शिष्टाचार म्हणून. बाल्कनीत कोंबडी, दारू, उदबत्ती. दार उघडं ठेवलं, पळायला बरं. डोळे मिटून सांगितलं: माती माझी, भोकं माझी, फार भ्यालोय.
मागून, "काओ मास्तर!" मी किंचाळलो.
त्सेंग मावशी. "आठवडाभर हाका मारतेय, बहिरे झालात की काय?" हातात फुटक्या कौलांचे तुकडे. चॉपस्टिकने सिमेंटशेजारी नवं भोक पाडलं, भोकावर तुकडा पालथा घातला, खाली परात. माती राहिली, पाणी गेलं. एवढंच होतं म्हणे.
भाऊमंडळी रागावली असेल का, विचारलं.
"त्यांनी कधीच माफ केलं. मी नाही केलं." कोंबडी उचलून गेल्या.
भाऊमंडळी गेली. मावशी खालीच राहतात.